विंडोजवरचा प्रोग्रॅम लिनक्सवर का अडखळतो?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. संगणक ठणठणीत असतो, पण विंडोज ११ त्यावर बसत नाही, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. सांगलीच्या मार्केट यार्डातली अडत दुकानं, गावोगावच्या सोसायट्या, विश्रामबागेतले क्लास, सगळ्यांपुढे हाच पेच आहे. नवा संगणक घ्यायचा तर खर्च मोठा. मग कुणीतरी सुचवतं, "उबुंटू टाका की, फुकट आहे." उबुंटू म्हणजे लिनक्सचा एक लोकप्रिय प्रकार. तो टाकला जातो, नीट चालतोही, आणि मग कळतं की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची पावती, काढायचा प्रोग्रॅम उघडतच नाही. बनवणाऱ्याला फोन केला की तो म्हणतो, "लिनक्ससाठी वेगळा करावा लागेल."

हे 'वेगळा करावा लागेल' म्हणजे नेमकं काय? हिशोब तोच, मशीन तेच, मग अडतं कुठे? विकत घेणाऱ्यालाही हे समजायला हवं, कारण उत्तराचा मोठा भाग प्रोग्रॅम लिहितानाच ठरून गेलेला असतो.

प्रोग्रॅम सतत कुणाला तरी विचारत असतो

फाइल उघडणं, पट्टी छापणं, आजची तारीख मिळवणं, यांतलं काहीही प्रोग्रॅम स्वतः करत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीमला, म्हणजे विंडोज, लिनक्स किंवा मॅकओएसला, सांगतो आणि ती करून देते. सांगायची पद्धत मात्र प्रत्येकीची निराळी. विंडोजसाठी तयार केलेली फाइल आतून विंडोजच्याच पद्धतीने बोलते, म्हणून लिनक्स ती थेट चालवू शकत नाही.

अशा वेळी प्रोग्रॅमच्या मूळ मजकुराकडे, म्हणजे सोर्स कोडकडे, परत जावं लागतं आणि तो नव्या सिस्टीमसाठी पुन्हा कंपाइल करावा लागतो. कंपाइल करणं म्हणजे माणसाने लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणं. जो कोड फारसा न बदलता अनेक सिस्टीमवर असा उतरतो आणि सगळीकडे तेच उत्तर देतो, तो पोर्टेबल. यातला 'तेच उत्तर देतो' हा भाग अवघड आहे.

प्रमाण म्हणजे किमान वचन

रोटाव्हेटर कुठल्याही कंपनीचा घ्या, आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला तो लागतो. कारण पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा, शाफ्ट सहा खाचांचा असावा आणि मिनिटाला ५४० फेरे मिळावेत हे आधी ठरलेलं आहे. तीन पॉइंट लिंकेजच्या पिनांची जाडीही ठरलेली आहे, फक्त लहान आणि मोठ्या ट्रॅक्टरची वेगवेगळी, म्हणून कधी मधे बुश घालून भागवावं लागतं. गिअरचा दांडा कुठे असावा, याबद्दल मात्र हे प्रमाण काहीच बोलत नाही. एखाद्या लोहाराने एकाच मॉडेलचा दांडा बघून अवजाराला पट्टी वेल्ड केली, तर ते त्या एका ट्रॅक्टरला छान बसेल आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला लागणार नाही. त्यात प्रमाणाचा दोष नाही. जे ठरलेलंच नव्हतं, त्यावर लोहार विसंबला.

सॉफ्टवेअरच्या जगात असं मोठं प्रमाण म्हणजे पॉझिक्स. युनिक्स ही सिस्टीम १९६९मध्ये बेल लॅब्समध्ये सुरू झाली आणि पुढे तिची अनेक भावंडं निघाली, प्रत्येकाच्या चालीरीती थोड्या वेगळ्या. त्यांच्यात मेळ बसावा म्हणून आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९८८मध्ये पॉझिक्स प्रसिद्ध केलं. त्याचं नाव सुचवलं रिचर्ड स्टॉलमन यांनी. सी या भाषेचं प्रमाण १९८९मध्ये अमेरिकेत ठरलं आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय झालं.

दोन्ही प्रमाणं वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ती बऱ्याच ठिकाणी 'किमान एवढं' म्हणतात, काही ठिकाणी 'हे ऐच्छिक' म्हणतात आणि काही ठिकाणी मुद्दाम मौन पाळतात. आपला कोड बिघडतो तो बहुधा या मोकळ्या जागांत.

प्रमाणपत्र असलं म्हणजे झालं?

नाही. ॲपलच्या मॅकओएसला २००७मधल्या लेपर्ड आवृत्तीपासून पॉझिक्सवर बेतलेल्या युनिक्स ०३चं अधिकृत प्रमाणपत्र आहे. बहुतेक लिनक्सांनी असं प्रमाणपत्र घेतलेलंच नाही. तरी पॉझिक्समधलं सेम-इनिट हे फंक्शन (सिस्टीमकडून नाव घेऊन करून घ्यायचं एक काम) लिनक्सवर व्यवस्थित चालतं आणि मॅकवर चालत नाही. एकाच प्रोग्रॅममधली दोन कामं एकमेकांना थांबवून पाळीने करायची असली की ते लागतं. मॅकवर कोड कंपाइल होतो, प्रोग्रॅम सुरू होतो, आणि ऐन वेळी सिस्टीम कळवते की ही सोय इथे नाही. ज्या प्रमाणावर मॅकला प्रमाणपत्र मिळालं त्यात ही सोय ऐच्छिक होती, म्हणून नियमभंगही नाही.

'कंपाइल झालं म्हणजे जमलं' असं मानणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे उदाहरण सांगतो.

विंडोजचा प्रवास आणखी निराळा. १९९३च्या विंडोज एनटीमध्ये पॉझिक्सची सोय होती, पण इतकी तोकडी की तिच्यावर खरं काम उभं करणं कठीण. ती पुढे काढून टाकली गेली. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आत लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायची सोय आणली. ती उपयोगी आहे, मी रोज वापरतो, पण ती विंडोजच्या मूळ प्रोग्रॅमना पॉझिक्स शिकवत नाही.

बेरीज उणे कशी होते

आता हिशोबाकडे येऊ. पैशांची बेरीज करताना शहाणा प्रोग्रॅमर रुपयांचा अपूर्णांक ठेवत नाही, सगळं पैशांत मोजतो. समजा त्याने बेरजेसाठी सी भाषेतला 'लाँग' हा प्रकार वापरला. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर आणि मॅकवर लाँग चौसष्ट बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या चौसष्ट घरांचा, असतो, त्यात मावणार नाही एवढा व्यापार कुणी करत नाही. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर मात्र लाँग बत्तीस बिटांचाच आहे. जुना कोड मोडू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने तो तसाच ठेवला. सीचं प्रमाण म्हणतं, लाँग किमान बत्तीस बिटांचा असावा. म्हणजे दोघंही नियमात.

बत्तीस बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. पैशांत धरली तर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. हळदीला क्विंटलमागे पंधरा हजार भाव धरला तर १,४३२ क्विंटलला हा आकडा ओलांडला जातो. सांगलीच्या मोठ्या अडत दुकानाला एका हंगामात हे अवघड नाही. त्यापुढे एक पोतं विकलं की एकूण बेरीज बहुधा थेट उणे दिसू लागते. 'बहुधा' म्हणायचं कारण, अशा वेळी काय व्हावं हे सीच्या प्रमाणाने ठरवलेलंच नाही. लिनक्सवर लिहून तपासलेल्या कोडमध्ये ही चूक कधीच दिसणार नाही.

उलट दिशेनेही फसायला होतं. विंडोजवरच्या प्रोग्रॅमने लाँगचे आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये लिहिले, म्हणजे चार-चार बाइट (आठ बिटांचा एक बाइट). लिनक्सवरचा तोच कोड वाचताना आठ-आठ बाइट उचलतो, दोन शेतकऱ्यांच्या रकमा एकात मिसळतो आणि पुढचा सगळा हिशोब सरकतो.

उपाय सोपा आहे. सी९९पासून 'लाँग लाँग' किमान चौसष्ट बिटांचा असेल असं लेखी वचन आहे, शिवाय नेमक्या चौसष्ट बिटांचा प्रकारही नावानिशी मिळतो. पैशांसाठी तो वापरावा आणि फाइलचा साचा मशीनवर न सोडता आपण ठरवावा.

असाच एक खड्डा रास्पबेरी पायवर भेटतो. हा छोटा, स्वस्त संगणक इंजिनिअरिंगच्या मुलांचा आवडता. समजा आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीच्या नोंदी वाचून चाळीस फुटांच्या इशारा पातळीला आणि पंचेचाळीस फुटांच्या धोका पातळीला सूचना देणारा प्रोग्रॅम केला. फाइल संपली की वाचणारं फंक्शन उणे एक परत देतं. ते उत्तर मुलांनी 'कॅर' या एका बाइटाच्या प्रकारात ठेवलं. नेहमीच्या इंटेल लॅपटॉपवर कॅरमध्ये उणे संख्या मावते, पायवरच्या लिनक्सवर मावत नाही. तिथे उणे एकचं २५५ होतं, फाइल संपल्याचं प्रोग्रॅमला कधी कळतच नाही आणि तो अखंड फिरत राहतो. कॅर उणे असावा की नसावा, हे प्रमाणाने कंपायलर बनवणाऱ्यांवर सोडलं आहे. ते उत्तर 'इंट' प्रकारात घ्यायचं, एवढीच दुरुस्ती.

कऱ्हाडचे शेतकरी सापडत नाहीत

हा भाग मराठी वाचकांनी नीट वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकांत तो बहुधा नसतोच.

'कऱ्हाड', 'शेतकऱ्यांची यादी', 'व्यापाऱ्यांचे येणे' या शब्दांतला ऱ संगणकात एकाहून अधिक तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. यूनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ऱ या अक्षराला स्वतःचा एक क्रमांक आहे. तोच ऱ साधा र आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही लिहिता येतो. यूनिकोडच्या मते ही दोन्ही रूपं समान आहेत. तिसरी तऱ्हा जुन्या कीबोर्डांमुळे रूढ झाली: र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. हे तिसरं रूप पडद्यावर तसंच दिसतं, पण यूनिकोडच्या नियमांनीही पहिल्या दोघांशी समान ठरत नाही.

आता ऑपरेटिंग सिस्टीमचं वागणं बघा. मॅकची जुनी फाइल व्यवस्था नाव साठवताना ऱ फोडून र आणि नुक्ता असा करायची. २०१७पासूनची नवी व्यवस्था जसं दिलं तसं साठवते, पण तुलना करताना दोन्ही रूपं एकच मानते. विंडोज दोघांना वेगळं मानते. लिनक्सला तर सहसा अक्षरांशी देणंघेणंच नसतं, त्याच्या लेखी नाव म्हणजे बाइटांची रांग.

परिणाम असा की जुन्या मॅकवरचा 'कऱ्हाड' नावाचा फोल्डर लिनक्सवर आणला आणि तिथे आधीच 'कऱ्हाड' असला, तर शेजारी शेजारी दोन फोल्डर दिसतात, अक्षर न् अक्षर सारखे. प्रोग्रॅम त्यांतला एकच उघडतो. अर्धे शेतकरी 'नाहीत' म्हणून सांगतो.

लांबीचंही तसंच. विंडोजवर फाइलच्या नावात २५५ एककं मावतात आणि देवनागरीतली प्रत्येक खूण एक एकक घेते. लिनक्सवर मर्यादा २५५ बाइटांची असते आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते. म्हणजे जेमतेम ८५ खुणा, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. 'खरीप हंगाम हळद खरेदी विक्री एकत्रित ताळेबंद' अशा थाटाची, पण याच्या अडीचपट लांब नावं विंडोजवरून कॉपी करताना लिनक्स ती नाकारतो, ते यामुळे.

पॉझिक्सचं वचन काय आहे? फाइलच्या नावासाठी सर्वत्र चालतील अशी त्याने सांगितलेली अक्षरं म्हणजे इंग्रजी वर्णमाला, अंक, टिंब, अधोरेखा आणि आडवी रेघ. वर्णक्रमाची गतही तीच. पॉझिक्स हमी देतं ती फक्त एका मूळ, साध्या क्रमाची, मराठी क्रम त्या मशीनवर बसवलेला असेल तर तुमचं नशीब.

म्हणून मराठी सोडावी का? मुळीच नाही. शेतकऱ्याचं नाव, गावाचं नाव, पट्टीवरचा प्रत्येक शब्द मराठीतच हवा. फक्त प्रोग्रॅमने आपल्या अंतर्गत फाइलींना साधी रोमन-अंकी नावं द्यावीत आणि मराठी मजकूर फाइलच्या आत ठेवावा. नाव टंकलं जातं त्याच क्षणी ते एका ठरावीक रूपात आणावं, याला नॉर्मलायझेशन म्हणतात. जोडचिन्हाचं तिसरं रूप त्यात सुटतं, म्हणून ते बदलणारा नियम स्वतः लिहावा. वर्णक्रमासाठी आयसीयू ही मुक्त लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, सोबत बांधावी, ती तिन्ही सिस्टीमवर एकसारखा क्रम देते.

छोट्या कुरबुरी

विंडोज ओळ संपवायला दोन चिन्हं वापरते, लिनक्स एक. विंडोजवर जतन केलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे सिस्टीमला द्यायच्या आज्ञांची यादी, लिनक्सवर या एका जादा चिन्हापायी सुरूच होत नाही. लिनक्स लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी मानतो, विंडोज आणि मॅक सहसा मानत नाहीत; कोडमध्ये लोगोच्या फाइलचं नाव चुकून मोठ्या अक्षराने लिहिलं असलं तर ते लिनक्सवरच उघडं पडतं. फाइलमध्ये जागीच बदल करणारी 'सेड' ही आज्ञा लिनक्सवर एका तऱ्हेने लिहावी लागते, मॅकवर दुसऱ्या. आणि उबुंटूमध्ये २००६पासून 'एसएच' म्हणजे बॅश नव्हे, डॅश नावाचा छोटा शेल (टंकलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) आहे, त्यामुळे बॅशच्या खास सवयी तिथे चालत नाहीत.

"मग सगळ्यांनी एकच प्रमाण का पाळत नाहीत?"

पाळतात, पण प्रमाण सावकाश चालतं. मजकूर सुरक्षितपणे कॉपी करणारं 'स्ट्रएलसीपीवाय' हे फंक्शन ओपनबीएसडी या युनिक्सच्या भावंडाने १९९८मध्ये आणलं. लिनक्सवरच्या मुख्य सी लायब्ररीने ते २०२३मध्ये घेतलं. पॉझिक्समध्ये ते २०२४च्या आवृत्तीत आलं. मधली पंचवीस वर्षं प्रत्येक प्रकल्प आपापली प्रत सोबत वागवत होता. हा उशीर मला निष्काळजीपणा वाटत नाही. त्या फंक्शनच्या उपयोगाबद्दलच जाणकारांत खरा मतभेद होता, आणि प्रमाणात एकदा घातलेली गोष्ट काढणं फार जड जातं.

"जावा नाही तर पायथन वापरा, प्रश्नच मिटला!"

बराच मिटतो. जावात लाँग कुठेही चौसष्ट बिटांचाच. पण मजकुराची फाइल कोणत्या अक्षरसंकेतात वाचायची, हे जावा २०२२मधल्या अठराव्या आवृत्तीपर्यंत सिस्टीमवर सोडत असे. पायथनमध्येही संकेत सांगितला नाही तर विंडोजवर जुना पाश्चात्त्य संकेत धरला जाऊ शकतो, आणि मराठी नावांच्या जागी कचरा दिसतो किंवा प्रोग्रॅम बंद पडतो. फाइल उघडताना यूटीएफ-८ (यूनिकोडचा रूढ अक्षरसंकेत) असं स्पष्ट लिहावं. हे काम कुठलीही भाषा पूर्णपणे तुमच्या अंगावरून घेत नाही.

"वेबसाइटच करून टाका की"

अनेक ठिकाणी हा चांगला सल्ला आहे. पण वेबसाइटमागचा सर्व्हर बहुतेकदा लिनक्सचा असतो आणि लिहिणाऱ्याचा लॅपटॉप विंडोजचा, म्हणजे वरचे सगळे खड्डे तिथेही येतात. शिवाय सौदा चालू असताना नेट गेलं तर पट्टी थांबते, आणि शेतकरी गाडी लावून उभा असतो. निदान मोठ्या दुकानात तरी नेटशिवाय चालणारी व्यवस्था हवीच.

मग लिहायचं कसं

माझं स्पष्ट मत: दुसरी सिस्टीम पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. प्रोग्रॅम पुरा झाल्यावर तो 'पोर्ट' करणं महाग पडतं आणि रोज थोडं तपासणं स्वस्त. कोड ठेवायच्या गिटहब या वेबसाइटवर तिन्ही सिस्टीमवर आपोआप कंपाइल करून चाचण्या चालवायची सोय आहे, खुल्या प्रकल्पांना ती मोफत मिळते. वालचंदसारख्या महाविद्यालयातला विद्यार्थी एक रुपया न घालवता हे करू शकतो.

सिस्टीमनुसार बदलणारा कोड एकाच ठिकाणी गोळा करा. तोच तुमचा बुश. बाकीच्या कोडला खाली कोणता ट्रॅक्टर आहे हे कळायचं कारण नाही. आणि 'ही विंडोज आहे का?' असं विचारण्यापेक्षा 'ही सोय इथे आहे का?' असं विचारा. सिस्टीमच्या सोयी आवृत्तीगणिक बदलतात, नावावरून केलेला अंदाज पुढच्या वर्षी चुकतो. सीमेक यासारखी साधनं हीच विचारपूस कंपाइल करण्याआधी उरकतात. सोबत जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांच्या इशारासूचना पूर्ण चालू ठेवा आणि त्या वाचा.

हिशोब साठवायला स्वतःचा फाइल प्रकार शोधून काढू नका. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची फाइल विंडोजवरून उचलून लिनक्सवर किंवा मॅकवर ठेवली तरी जशीच्या तशी उघडते. तिचा साचा जाहीर आहे आणि २००४पासून जुन्या फाइली वाचता येतील अशी काळजी घेतलेली आहे.

विकत घेणाऱ्याने काय विचारावं

ज्यांच्याकडे आजच जुना विंडोजचा प्रोग्रॅम आहे आणि बनवणारा सापडत नाही, त्यांनी लिनक्सवर 'वाइन' हे मोफत साधन लावून पाहावं. ते विंडोजच्या प्रोग्रॅमची मागणी ऐकून लिनक्सच्या पद्धतीने पुरी करतं. साधे प्रोग्रॅम बऱ्याचदा चालतात. प्रिंटर आणि मराठी फाँट मात्र आधी तपासा, आणि जुनं मशीन महिनाभर तरी पुसू नका.

नवा प्रोग्रॅम घेताना बनवणाऱ्याला विचारा की माझा हिशोब कोणत्या साच्यात साठतो आणि तो दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडता येतो का. सोर्स कोड कुणाकडे राहणार, तुम्ही काम थांबवलंत तर मला मिळणार का, हे करारात लिहून घ्या. पैसे देण्याआधी तुमच्यासमोर दोन सिस्टीमवर तोच हिशोब चालवून दाखवायला सांगा. त्यात अडीच कोटींची एकूण रक्कम येऊ द्या, आणि कऱ्हाडच्या शेतकऱ्याचं नाव एका मशीनवर टंकून दुसऱ्यावर शोधायला लावा.